प्रिसिजन एअर : टांझानियातली एक छोटी विमान कंपनी, तिची पंख्याची विमानं आणि तिचा हिशेब

वातकुक्कुट

आफ्रिकेतल्या विमान कंपन्या म्हटलं की आपल्याकडे इथिओपियन आणि केनिया एअरवेज ही दोन नावं चटकन निघतात, कारण त्यांची विमानं मुंबईला येतात. पण त्या खंडात एका गावाहून दुसऱ्या गावाला माणसं नेण्याचं काम बरंचसं चाळीस-सत्तर आसनांची टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याची, विमानं करतात. ती चालवणाऱ्या कंपन्यांबद्दल मराठीत जवळपास काहीच वाचायला मिळत नाही. म्हणून टांझानियाच्या प्रिसिजन एअरवर हा धागा काढतोय. जाणकारांनी भर घालावी.

सुरुवात थोडी मागून. ब्रिटिश अमदानीत केनिया, युगांडा आणि टांगानिका (आजच्या टांझानियाची मुख्य भूमी) यांची मिळून एकच विमान कंपनी होती, ईस्ट आफ्रिकन एअरवेज. १९४६ साली सुरू झाली, बस्तान नैरोबीत. आधी डी हॅविलंडची छोटी दुपंखी विमानं, पुढे कॉमेट आणि सुपर व्हीसी-१० पर्यंत मजल गेली. पन्नासच्या दशकात तिची विमानं एडन-कराचीमार्गे मुंबईलाही येत. तिन्ही देश स्वतंत्र झाल्यावर मात्र घडी बसेना. टांझानियात राष्ट्राध्यक्ष न्येरेरेंचा समाजवाद, केनियात खुला बाजार आणि युगांडात हुकूमशहा इदी अमीन! कोणी किती पैसे भरायचे यावर भांडणं होऊन १९७७ च्या सुरुवातीला कंपनी बंद पडली. हँगर, कारखाने बहुतेक नैरोबीत होते, ते केनियाला मिळाले आणि केनिया एअरवेज उभी राहिली. टांझानियाने मार्च १९७७ मध्ये एअर टांझानिया काढली. ती सरकारी कंपनी पुढची पंचवीस-तीस वर्षं कधी चालत, कधी लंगडत राहिली.

नव्वदच्या दशकात टांझानियाने खासगी कंपन्यांना दार किलकिलं केलं. मायकेल शिरिमा हे किलिमांजारो भागातले गृहस्थ. आधी ईस्ट आफ्रिकन एअरवेजमध्ये, मग एअर टांझानियात नोकरी केली, नंतर कॉफीच्या व्यापारात पडले. त्यांनी १९९३ मध्ये अरुशाहून पाच आसनी पायपर ॲझ्टेक विमानावर प्रिसिजन एअरची उड्डाणं सुरू केली. गिऱ्हाईक म्हणजे सेरेंगेटी आणि न्गोरोन्गोरोचे वन्यप्राणी पाहायला आलेले गोरे पर्यटक. सफारी झाली की त्यातल्या बहुतेकांना झांझिबारचा समुद्रकिनारा हवा असतो. त्यामुळे नुसत्या चार्टरवर न थांबता त्याच वर्षी नोव्हेंबरपासून ठरलेल्या वेळापत्रकाची उड्डाणं सुरू झाली.

२००३ मध्ये केनिया एअरवेजने प्रिसिजनचा ४९ टक्के हिस्सा २० लाख डॉलरला घेतला. ज्या नैरोबीपासून १९७७ मध्ये फारकत घेतली, तिथलेच लोक भागीदार म्हणून परत आले. केनियाचा फायदा उघड होता. नैरोबीला उतरलेला परदेशी प्रवासी पुढे किलिमांजारो, दार (दार-एस-सलाम), झांझिबारला न्यायला घरचं विमान मिळालं. प्रिसिजनला मिळाली पत. २००६ मध्ये तिने एटीआर या जातीची सात नवी टर्बोप्रॉप विमानं मागवली, सुमारे १३ कोटी डॉलरची. आफ्रिकेत छोट्या कंपन्या दुसऱ्यांनी वापरून सोडलेली विमानं घेतात, तिथे थेट कारखान्यातून! नोव्हेंबर २०१२ मध्ये तर जगातलं पहिलं एटीआर ४२-६०० प्रिसिजनच्याच रंगात बाहेर पडलं.

आणि याच सुमारास गाडं घसरलं. कंपनीने बोइंग ७३७-३०० ही जेट विमानं भाड्याने घेतली होती. दारहून जोहान्सबर्ग वगैरे लांबची ठिकाणं सुरू केली. २०११ मध्ये दारच्या शेअर बाजारात ४७५ शिलिंगला शेअर विकायला काढला. ठरवलेल्या रकमेच्या निम्मीही जमली नाही. मार्च २०१३ ला संपलेल्या वर्षात मोठा तोटा झाला आणि सरकारकडे हात पसरावे लागले. मग सौदा रजब या बाईंकडे कारभार आला. जेट परत गेली, लांबचे मार्ग बंद झाले, एटीआर तेवढी राहिली.

माझं मत आधीच सांगतो: ही कंपनी पंख्याच्या विमानांवर जगली आणि जेटच्या नादाने आजारी पडली. झोडपा आता.

शंकासुर

लेख छान. निष्कर्ष मान्य नाही.

जेट घेतली म्हणून बुडाली हे म्हणायला सोपं आहे. पण नोव्हेंबर २०१२ मध्ये दारमध्ये कोण अवतरलं ते तुम्ही लिहिलंच नाहीत. फास्टजेट! १५६ आसनांचं एअरबस ए३१९, तिकीट ३२ हजार शिलिंगपासून, म्हणजे तेव्हाचे वीस डॉलर, कर वेगळे. तेही नेमकं दार-म्वांझा (व्हिक्टोरिया सरोवराकाठचं शहर) आणि दार-किलिमांजारो मार्गावर. हे दोन मार्ग प्रिसिजनची दुभती गाय. बाकी गावांचा तोटा त्यातून भरून निघायचा. ती गायच सोडून नेल्यावर गोठ्यात एटीआर बांधलं काय नि बोइंग बांधलं काय.

आणि पुढचं ऐका. फास्टजेट २०१८ च्या अखेरीस आटोपली, पण त्याआधीच, २०१६ मध्ये, राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी सरकारी पैशातून एअर टांझानियासाठी नवी विमानं आणायला सुरुवात केली होती. पहिली दोन बम्बार्डियर क्यू-४००. म्हणजे थेट एटीआरच्या गल्लीतली. मग बोइंगचं ड्रीमलायनर, मग एअरबस ए२२०. ज्या कंपनीला विमानाचा हप्ता बँकेला द्यावा लागतो तिने, ज्या कंपनीचं विमान सरकारने घेऊन दिलंय तिच्याशी तिकिटाच्या दरात कसं लढायचं?

वातकुक्कुट

शंकासुर, फास्टजेट आली २०१२ च्या शेवटी. जोहान्सबर्गचा उद्योग आणि शेअरविक्रीचा फज्जा त्याआधीचा. मुळात जेट नसती तर फास्टजेटशी टक्कर द्यायला कंपनीच्या गाठीला काहीतरी उरलं असतं, एवढंच माझं म्हणणं.

सरकारी कंपनीबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. त्यातही गंमत पाहा. त्या सरकारी विमानांवर डोळा ठेवून सरकारचे जुने धनको टपलेले. २०१७ मध्ये एक क्यू-४०० कॅनडातच अडकवून ठेवलं होतं आणि २०१९ मध्ये एक ए२२० जोहान्सबर्गला जप्त झालं, कोणे एके काळी टांझानियाने ताब्यात घेतलेल्या जमिनीच्या भरपाईपोटी.

लेखापाल

तुम्ही दोघंही विमानांवर भांडताय. मी चलनाकडे बघतो.

विमानाचं भाडं डॉलरमध्ये. इंजिनाच्या दुरुस्तीसाठी दर उड्डाण-तासाला बाजूला टाकायचे पैसे, ज्याला मेंटेनन्स रिझर्व्ह म्हणतात, ते डॉलरमध्ये. विमा डॉलरमध्ये. सुटे भाग युरो नाहीतर डॉलरमध्ये. इंधनाचा भाव डॉलरशी बांधलेला. आणि म्वांझाचा मासळीचा व्यापारी तिकीट काढतो शिलिंगमध्ये. २००३ साली डॉलरला हजार-अकराशे शिलिंग पडायचे, आता अडीच हजारांच्या आसपास पडतात. तिकिटाचा दर त्या हिशेबाने वाढवा म्हटलं तर प्रवासी बसने जातो.

म्हणून या कंपन्यांना परदेशी पर्यटक इतका प्यारा. तो डॉलर देतो. नैरोबी-किलिमांजारो, अरुशा-झांझिबार हे मार्ग म्हणजे डॉलर कमवायची जागा आणि बुकोबा, टबोरा ही आडगावं म्हणजे ते खर्च करायची. कोविडमध्ये डॉलरवाला येईनासा झाला तेव्हा काय झालं असेल याचा अंदाज करा.

केनिया एअरवेज भागीदार असून मदत का करत नाही असं कुणीतरी विचारणारच आहे, म्हणून आधीच लिहितो. मार्च २०१६ ला संपलेल्या वर्षात त्यांचा स्वतःचा तोटा २६ अब्ज केनियन शिलिंगच्या वर होता. शेअरविक्रीनंतर त्यांचा हिस्सा ४९ वरून ४१ टक्क्यांवर आला, तो वाढवायलाही ते पुढे आले नाहीत. स्वतःचंच पातळ फाटलेलं, दुसऱ्याला काय नेसवणार.

हँगरमधला

निवृत्त आहे, हयात विमान दुरुस्तीत गेली, त्यातली बरीच वर्षं एटीआरवर. धागा वाचून राहवलं नाही.

जेट की पंखा हा भावनेचा प्रश्न नाही, इंधनाचा आहे. एटीआर ७२ तासाला साधारण ७०० किलो इंधन खातं. जुनं ७३७-३०० त्याच्या तिप्पट आणि वर. जेटमध्ये माणसं दुप्पट बसतात हे खरं, पण ती भरली तर. दार ते मटवारा ४०० किलोमीटर. जेट तिथे वर चढून सरळ होतं न होतं तोच उतरायची वेळ येते. एवढ्या अंतरात जेटने वेळ वाचतो किती, तर दहा-पंधरा मिनिटं. दार-झांझिबार तर जेमतेम ७५ किलोमीटर, वीस मिनिटांत संपतं.

दुसरी गोष्ट, जी प्रवाशाला दिसते पण कळत नाही. एटीआरमध्ये एपीयू नसतं. मोठ्या विमानात शेपटीत एक छोटं इंजिन असतं, जे जमिनीवर वीज आणि थंड हवा पुरवतं. एटीआरच्या डिझाइनवाल्यांनी ते वजन वाचवलं आणि उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक बसवला. विमान उभं राहिलं की डावं इंजिन बंद करायचं, उजव्याचा पंखा ब्रेक लावून थांबवायचा आणि इंजिनाचा गाभा चालूच ठेवायचा. याला आम्ही हॉटेल मोड म्हणतो. पंखा स्थिर असतो, पण इंजिनाचा आवाज येत असतो. नवखे प्रवासी बिचकून बघतात. फायदा असा की ज्या विमानतळावर बाहेरून वीज द्यायची ट्रॉली नाही, तिथेही विमान उतरतं, माणसं भरतं आणि स्वतःच्या बळावर निघतं. आफ्रिकेतल्या आडगावांसाठी हा मोठा आधार.

तिसरं म्हणजे दरवाजा. एटीआरमध्ये प्रवासी मागच्या दाराने चढतात. दरवाजाच खाली उघडून त्याचा जिना होतो, शिडीची गाडी लागत नाही. पुढच्या बाजूला, कॉकपिटच्या मागे, सामानाचा कप्पा. त्यामुळे शेवटच्या रांगेतला माणूस सगळ्यात आधी उतरतो.

आणि उंची. किलिमांजारो विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर, अरुशा जवळपास १४००, म्वांझा-बुकोबा साडेअकराशेच्या आसपास. उंचावर आणि उन्हात हवा विरळ असते, इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही कमी होतात. धावपट्टी आखूड असेल तर माणसं किंवा सामान कमी करूनच उडावं लागतं. विमान भरलेलं दिसत नाही म्हणजे गिऱ्हाईक नाही असं प्रत्येक वेळी नसतं.

काजूगर

वेंगुर्ल्याहून रामराम. हा विषय इथे बघून बरं वाटलं, कारण दार-मटवारा हा मार्ग आमच्या धंद्याचा.

आपल्याकडची काजू बी मार्च ते मे. कारखाने वर्षभर चालवायचे तर बाहेरची बी आणावीच लागते. पश्चिम आफ्रिकेची बी साधारण आपल्याच हंगामात येते. टांझानियाची मात्र ऑक्टोबरपासून. आपली बी संपून कारखान्यात मालाचा दुष्काळ चाललेला असतो, नेमकी तेव्हा. मटवारा, लिंडी, नेवाला हा सगळा दक्षिणेचा पट्टा काजूचा. शेतकरी सहकारी संस्थेच्या गोदामात माल टाकतो आणि लिलाव होतो. त्या हंगामात दारहून मटवाऱ्याला जाणाऱ्या विमानात केरळचे, मंगळूरचे, आमच्यातले आणि व्हिएतनामी, असे सगळे एकमेकांना ओळखून न ओळखल्यासारखं करत बसलेले असतात! भाव कोण किती बोलणार हे कुणी उघड करत नाही. रस्त्याने साडेपाचशे किलोमीटर, अख्खा दिवस जातो. विमानाने तासाभरात.

बरोबर एक अडकित्त्यासारखा कटर असतो. गोणीतून नमुना काढायचा, बी उभी कापायची, चांगला गर किती, डागी किती, पोचट किती हे वेगळं करून वजन करायचं. त्यावरून आउटटर्न काढतात, ८० किलोच्या पोत्यामागे गर किती पौंड सुटेल ते. ४८ ला एक भाव, ५० ला दुसरा. तो कटर हातातल्या पिशवीत चालत नाही, चेक-इनमध्ये टाकावा लागतो. आणि नमुन्याची पिशवी माणूस जीव गेला तरी हातातून सोडत नाही.

२०१८ च्या नोव्हेंबरात व्यापाऱ्यांनी भाव पाडलाय म्हणून मागुफुलींनी लष्कराचे ट्रक पाठवून सगळं पीक सरकारतर्फे ३३०० शिलिंग किलोने उचललं. लिलावच नाही म्हटल्यावर व्यापारी तिथे जाऊन करणार काय? आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचा त्या वर्षीचा फेरा रद्द झाला. एका सरकारी निर्णयाने विमानाच्या एका मार्गाचा हंगाम कसा बसतो त्याचा हा नमुना.

अवांतर: चिपीला २०२१ मध्ये मुंबईहून पहिलं विमान आलं तेही एटीआर ७२. हँगरमधले काका म्हणतात तो मागचा जिना बघून आमच्या गावातली मंडळी म्हणाली, एस्टी बरी, दार निदान पुढे असतं.

शंकासुर

काजूगर, एक नंबर. धाग्याचं सार्थक झालं.

लेखापालांना एक प्रश्न. बुकोबा, टबोरा तोट्यात म्हणता, मग सोडून का देत नाहीत? खासगी कंपनी आहे, धर्मादाय नाही.

दारकर

याचं उत्तर मी देतो. दारमध्ये राहून बरीच वर्षं झाली.

बुकोबा नकाशात पाहा. व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिम काठावर, युगांडाच्या सीमेजवळ. दारहून सरळ रेषेत हजार किलोमीटर, रस्त्याने त्याहून कितीतरी जास्त. दारहून म्वांझापर्यंत यायचं आणि पुढे सरोवर ओलांडायचं, ही जुनी रीत. २१ मे १९९६ ला एमव्ही बुकोबा ही प्रवासी बोट बुकोबाहून निघून म्वांझाजवळ बुडाली. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं होती, आठशेच्या वर गेली. या भागात आजही तो दिवस कुणी विसरलेलं नाही. त्यानंतर ज्याला परवडतं तो विमानाने जायला लागला. कॉफीचे व्यापारी, सरकारी अधिकारी, आजारी माणसं, मिशनच्या दवाखान्यातले डॉक्टर, दारमध्ये स्थायिक झालेले हाया लोक सणाला गावी. येताना पिशवीत सेनेने, म्हणजे परतलेले नाकतोडे. नोव्हेंबर-डिसेंबरचा तो मेवा. तिकीट काढणारी माणसं आहेत, विमानही भरतं. अडचण वेगळीच आहे.

बुकोबाची धावपट्टी सरोवराच्या अगदी काठाला लागून, आखूड, पलीकडे टेकड्या. आयएलएस नाही, म्हणजे ढगातून यंत्राच्या आधाराने धावपट्टीपर्यंत आणणारी सोय नाही. टांझानियातल्या बऱ्याच गावांत धावपट्टीला दिवेही नाहीत. विषुववृत्ताजवळ उजेड बाराही महिने बारा तासांचा. सकाळी सहाला पहिलं विमान काढायचं आणि संध्याकाळी सहाच्या आत सगळी आडगावं उरकायची. मधल्या एका ठिकाणी पाऊस लागला, विमान तासभर घिरट्या घालून परतलं, तर संध्याकाळच्या गावाचं उड्डाण रद्द. लोक कंपनीला शिव्या देतात. दिवे कंपनीने लावायचे नसतात, पण विमान दोन-तीन तास कमी उडालं तर भाडं मात्र पूर्ण भरावं लागतं.

अवांतर: इथे स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास. तिकिटावर चोवीस तासांची वेळ असते. टॅक्सीवाल्याला वेळ सांगताना नेहमी दोनदा विचारून घ्यावं.

अस्मि

२०२२ चा अपघात तिथलाच ना? व्हिडिओ पाहिला होता, अर्धं विमान पाण्यात आणि लोक दोर लावून ओढतायत.

दारकर

हो, तोच. ६ नोव्हेंबर २०२२, रविवार सकाळ. प्रिसिजनचं दारहून बुकोबाला येणारं एटीआर ४२-५००, ३९ प्रवासी आणि ४ कर्मचारी. हवा खराब होती, वादळी पाऊस. धावपट्टीच्या अलीकडे सरोवरात पडलं. १९ जण गेले, दोन्ही वैमानिक त्यात. २४ वाचले.

सगळ्यात आधी पोचले ते मासेमार, आपल्या होड्या वल्हवत. मागच्या दाराने माणसं बाहेर काढली. हँगरमधल्या काकांनी वर जे लिहिलंय ते इथे आठवा. विमानाचं नाक पाण्याखाली गेलेलं, शेपूट वर. प्रवाशांचं दार शेपटीकडे असल्यामुळे ते हाताशी राहिलं. पुढच्या भागातल्यांना पाण्यातून मागे यावं लागलं.

प्राथमिक अहवालात बचावयंत्रणेवर स्पष्ट ठपका होता. सरोवराच्या काठावर विमानतळ असून पाण्यातल्या बचावाची साधनं वेळेवर आली नाहीत, ती लवकर आली असती तर आणखी काही जण वाचले असते असं त्यात म्हटलं होतं. एका तरुण मासेमाराला पुढे दहा लाख शिलिंग आणि अग्निशमन दलात नोकरी मिळाली. त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण विमानतळावर बोट का नव्हती हा प्रश्न त्या कौतुकात दबला असं इथले बरेच जण म्हणतात.

हँगरमधला

कारण ठरवणं चौकशीवाल्यांचं काम, म्हणून अपघाताबद्दल बोलत नाही. एवढंच सांगतो की विमान नवं की जुनं यावर लोक फार बोलतात. ज्या विमानतळावर उतरायला यंत्राचा आधार नाही, तिथे हवा बिघडली की सगळा भार वैमानिकाच्या डोळ्यांवर येतो. अशा वेळी वळून दुसरीकडे जायचं हाच नियम, पण दुसरीकडे म्हणजे म्वांझा, आणि म्वांझाला नेलेल्या माणसांची सोय, इंधन, पुढची कोलमडलेली फेरी हे सगळं कुणाच्या तरी डोक्यात असतंच. चांगल्या कंपनीत हे वैमानिकाच्या डोक्यात येऊ देत नाहीत. खर्च झाला तर झाला, वळून जा, कोणी विचारणार नाही, असं लेखी असतं. कोणतीही छोटी कंपनी जोखायची असेल तर मी हे विचारेन.

अस्मि

मग युरोपने टांझानियाच्या विमान कंपन्यांना बंदीच्या यादीत टाकलंय ते याच अपघातामुळे का? आईबाबांना घेऊन फेब्रुवारीत सेरेंगेटी आणि झांझिबारला जायचा विचार आहे. आता धाकधूक वाटतेय.

वातकुक्कुट

अस्मिताई, त्या यादीचं प्रकरण थोडं वेगळं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने एअर टांझानियाला यादीत टाकलं आणि जून २०२५ मध्ये टांझानियात नोंदलेल्या सगळ्याच कंपन्यांना. बोट ठेवलंय ते मुख्यतः तिथल्या नियामक संस्थेवर, पुरेशी प्रशिक्षित माणसं नाहीत आणि देखरेख कच्ची आहे म्हणून. त्यामुळे चांगली कंपनी कोणती, वाईट कोणती असा भेद त्यात उरत नाही. सरसकट सगळ्या. प्रिसिजन ही आयाटाच्या (विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या) सुरक्षा तपासणीतून गेलेली कंपनी, पण यादीत तीही आली.

प्रिसिजन युरोपला जातच नाही, मग फरक काय पडतो? पडतो. युरोपातले सहल आयोजक आणि विमा कंपन्या ती यादी बघतात. लेखापालांनी म्हटलेला डॉलरवाला प्रवासी तिथूनच येतो.

लेखापाल

बरोबर. आणि दोन सरकारांची भांडणं वेगळीच. जानेवारी २०२४ मध्ये केनियाने एअर टांझानियाच्या मालवाहू उड्डाणांना नकार दिला, तर टांझानियाने केनिया एअरवेजची नैरोबी-दार प्रवासी उड्डाणं बंद करण्याचं फर्मान काढलं. काही दिवसांत मिटलं. २०२० मध्येही केनियाने कोविडकाळात कुठल्या देशांना प्रवेश दिला त्या यादीवरून असंच झालं होतं. आफ्रिकेचं आकाश सगळ्या आफ्रिकी कंपन्यांना खुलं करायचा ठराव १९९९ मध्ये आयव्हरी कोस्टमधल्या यामुसुक्रोला झाला, २०१८ मध्ये त्याचं पुन्हा वाजतगाजत उद्घाटन झालं. ज्या कंपनीचा भागीदार सीमेपलीकडे आहे, तिची दर वेळी कुचंबणा.

शंकासुर

म्हणजे वातकुक्कुट, धावपट्टीला दिवे नाहीत, शिलिंग घसरतोय, सरकारच स्पर्धक, शेजाऱ्याशी भांडण, नियामक कच्चा. आणि तुम्ही दोष देताय बिचाऱ्या बोइंगला!

वातकुक्कुट

दिवे, शिलिंग, सरकार यातलं काहीच शिरिमांच्या हातात नव्हतं. बोइंग घ्यायचं की नाही एवढंच होतं. म्हणून तिथेच बोट ठेवतो. शिरिमा २०२३ मध्ये गेले. पाच आसनांपासून निघून, कुठलंही सरकारी पाठबळ नसताना ज्यांनी वीस वर्षं कंपनी वाढवली, त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण टीका करायची नाही असं थोडंच आहे.

शंकासुर

ठीक. निम्मं मान्य. उरलेलं पुढच्या धाग्यात.

दारकर

अस्मिताई, तुमचा प्रश्न राहिलाच. घाबरून बेत रद्द करू नका, आखणी नीट करा.

मुंबईहून नैरोबीमार्गे किलिमांजारोला उतरता येतं, किंवा दारला येऊन पुढे. नैरोबीमार्गे येणार असाल तर यलो फिव्हरच्या लसीचं कार्ड तिघांचंही जवळ असलेलं बरं, लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या. अरुशाहून सेरेंगेटीत जाणारी विमानं एटीआर नसतात, बारा-तेरा जणांची सेसना कॅरॅव्हॅन असतात. मातीच्या पट्टीवर उतरतात. पट्टीवर झेब्रे किंवा रानगवे असतील तर आधी जीप फिरवून हाकलतात, किंवा वैमानिकच एकदा खालून विमान नेऊन त्यांना उठवतो. बाबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर उतरता उतरता पुन्हा वर का गेलो म्हणून धसका घेतील.

सामान माणशी १५ किलो, हातातली पिशवी धरून. चाकांची कडक बॅग घेत नाहीत, पोटात मावत नाही. मऊ पिशव्या आणा. मोठ्या बॅगा अरुशाच्या हॉटेलात ठेवता येतात, पण मग परतीचा मार्ग अरुशावरूनच हवा. सेरेंगेटीतून थेट झांझिबार गाठणार असाल तर मोठी बॅग आणूच नका. आईंना पायऱ्यांचा त्रास असेल तर आधी कळवा, कॅरॅव्हॅनचा जिना अरुंद आणि उभा असतो. आणि परतीचं मुंबईचं विमान त्याच दिवशी संध्याकाळी धरायचं ठरवू नका. मध्ये एक रात्र दारला किंवा झांझिबारला काढा.

अस्मि

खूप धन्यवाद दारकरदादा. वैमानिकाच्या शेजारच्या सीटवर बसू देतात का हो? बाबा विचारतायत.

दारकर

एकच वैमानिक असेल आणि विमान भरलेलं असेल तर कधी कधी बसवतात. कंपनीच्या नियमावर आहे. विचारायला सांगा बाबांना, लाजू नका म्हणावं.